निरोगी क्रमांक एक

३ मार्च

आजपासून ही वही. लॅबमध्ये माझ्या नावावर सात रजिस्टरं आहेत. नमुने आल्याचं, रिपोर्ट गेल्याचं, फ्रिजच्या तापमानाचं, मशीनच्या दुरुस्तीचं, आणखी कसली कसली. सातांपैकी एकातही ‘भीती वाटली’ असं लिहायला रकाना नाही. म्हणून ही आठवी, आणि ही घरीच राहील.

भीतीचं कारण असं की जूनमध्ये बाहेरचे तपासनीस येणार आहेत. हॉस्पिटलला गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवंय. सर म्हणजे आमचे पॅथॉलॉजिस्ट. आठवड्यातून दोनदा येतात, सह्या करतात, खुर्ची फार खाली आहे म्हणून तक्रार करतात आणि जातात. आज मात्र एक रिपोर्ट हातात धरून बसले.

“बाई, उजव्या बाजूला हे नॉर्मलचे आकडे छापलेत, ते कुठून आले?”

“किटच्या डब्यातल्या कागदावरून.”

“आणि डब्यातल्या कागदावर कुठून आले?”

कॅल्शियम साडेआठ ते साडेदहा, असं मी चौदा वर्षं छापतेय. कोणाचं साडेआठ आणि कोणाचं साडेदहा, असं एकदाही मनात आलं नाही. सर म्हणाले, तपासनीस पहिला प्रश्न हाच विचारतील. आपल्याच भागातली एकशे वीस निरोगी माणसं जमवायची, त्यांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमाने लावायचे, खालची तीन आणि वरची तीन माणसं सोडून द्यायची. उरलेल्यांची हद्द ती आपली हद्द.

ऐकायला सोपं. पण एकशे वीस निरोगी माणसं आणायची कुठून? माझ्या ओळखीची सगळी माणसं हॉस्पिटलातलीच.

५ मार्च

कंट्रोल संपला. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीपासून माहीत असतं अशी रक्तद्रवाची बाटली. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी ती मशीनला घालायची. मशीनने ठरलेलं उत्तर दिलं तरच त्या दिवशी त्याच्यावर विश्वास ठेवायचा. नवी पेटी कुठल्यातरी गोदामात अडकलीय. पुरवठादार म्हणतो, “येतेय, येतेय.” त्याच्या ‘येतेय’वर माझा विश्वास नाही. अडीअडचणीला म्हणून डीप फ्रीझरमध्ये साठा ठेवला होता, तो रविवारी वीज गेली त्यात नासला.

कंट्रोल नाही तर रिपोर्ट द्यायचे नाहीत, असा नियम आहे. पण वर सर्जन थायरॉइडची ऑपरेशनं करतात. त्यांना दर सहा तासांनी कॅल्शियम लागतं आणि दुसरी लॅब तीन तासांवर आहे. मग मी माझा जुना उपाय केला. सुईमावशींसमोर हात धरला. रक्त काढण्याचं काम त्यांचं. वॉर्डातल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव त्यांनी आनंदाने स्वीकारलंय.

“तुझंच का गं?” त्या म्हणाल्या.

“कारण माझं मला पाठ आहे. साखर अठ्ठ्याऐंशी, युरिया बावीस, कॅल्शियम नऊ पूर्णांक चार. नवं किट आलं की आधी मी स्वतःवर लावते. चौदा वर्षांत इकडचं तिकडे झालेलं नाही.”

आज साखर बरोबर, युरिया बरोबर, सगळं बरोबर. कॅल्शियम दहा पूर्णांक एक!

परत लावलं. दहा पूर्णांक एक. तपासणीच्या रसायनांच्या किटची लॉट, म्हणजे तुकडी, नवी आहे, तिच्यातच खोट असणार. किटसोबत स्टँडर्डची कुपी येते, तिचाही आकडा ठरलेला असतो; ती लावून पाहिली तर अगदी बरोबर आली. पण ती त्याच डब्यातून आलेली. चोराच्या भावाला साक्षीला बोलावण्यातला प्रकार.

मशीनमध्ये एक रकाना असतो. आलेल्या आकड्याला कितीने गुणायचं ते त्यात भरायचं. शून्य पूर्णांक त्र्याण्णव भरलं. माझं कॅल्शियम नऊ पूर्णांक चारवर आलं आणि जिवात जीव आला. रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘कंट्रोल: पास’. कोणाचा ते लिहिलं नाही.

१२ मार्च

विशेष काही नाही. रोज सकाळी मावशी, सुई, नऊ पूर्णांक चार. कधी नऊ पूर्णांक पाच. ठीक.

हे म्हणाले, “तू हल्ली पाण्याची बाटली काखेत घेऊनच फिरतेस.” लॅबमधली हवा कोरडी आहे. त्यांना काय, शाळेच्या खिडक्या उघड्या असतात. भूमितीचे मास्तर आहेत, सगळीकडे प्रमेय शोधतात.

२४ मार्च

परत चढलं. नऊ पूर्णांक नऊ. म्हणजे लॉट आणखी बिघडत चाललीय. मी रकान्यात शून्य पूर्णांक अठ्ठ्याऐंशी केलं.

मी घाबरट नाही. तरुणपणी एकटी रक्तपेढीत रात्रपाळ्या केल्यात. पण हल्ली फोन वाजला तरी छातीत धस्स होतं. मशीन आकडे देतं तेव्हा मी त्याच्याकडे संशयाने बघते आणि ते माझ्याकडे. आपण दिलेला एखादा चुकीचा आकडा या क्षणी कोणाच्या तरी अंगात औषध होऊन शिरत असेल, हा विचार डोक्यातून जात नाही. दिवसातून चार वेळा मशीनची नळी धुते.

सरांना सांगायला हवं का? सांगितलं तर ते म्हणतील, कॅल्शियम बंद. मग सर्जन ओरडणार, व्यवस्थापक बोलावणार, आणि ‘कंट्रोल: पास’ हे तीन आठवडे कोणी लिहिलं ते बाहेर येणार. पेटी आली की सगळं निस्तरेल. आठ दिवसांत येतेय म्हणे.

२८ मार्च

एकशे वीसांचं काम सुरू केलं. फॉर्म मीच बनवला. काही आजार? नाही. औषधं चालू? नाही. गेल्या सहा महिन्यांत थकवा, वजन घटणं? नाही. असे सगळे ‘नाही’ आले की माणूस निरोगी.

पहिला फॉर्म माझाच भरला. माप लावणाऱ्याने आधी स्वतःला लावावं. वजनाच्या प्रश्नावर पेन जरा थबकलं, कारण चार किलो उतरलंय. पण ते धावपळीने. आणि बाईने वजन उतरल्याची तक्रार केली तर मैत्रिणी तोंडावर हसतील. ‘नाही’ला खूण केली. निरोगी क्रमांक एक.

मावशींचा क्रमांक दोन. साठीला आल्यात, पण दात सगळे स्वतःचे आहेत हे फॉर्मवर लिहाच म्हणून हटून बसल्या.

४ एप्रिल

यांच्या शाळेत जाऊन छत्तीस शिक्षकांचं रक्त घेतलं. मुख्याध्यापक सगळ्यांना धीर देत उभे होते, “मुंगी चावल्यासारखं वाटतं,” आणि त्यांची पाळी आली तेव्हा भेलकांडले. त्यांना बाकावर आडवं केलं, पाय वर उचलून धरले. शिक्षकांनी हसू दाबलं, मुलांनी तेवढीही तसदी घेतली नाही. बऱ्याच दिवसांनी मी हसले.

जिने चढताना मात्र मांड्या भरून आल्या. हाडं दुखतात, आतून. शेहेचाळीस म्हणजे काही लहान वय नव्हे.

यांचा क्रमांक सदतीस. संध्याकाळी आकडे आले. यांचं कॅल्शियम आठ पूर्णांक एक.

आठ पूर्णांक एक! पुस्तकातल्या हद्दीच्या खाली. यांना कधी साधा खोकला झालेला मला आठवत नाही. घरी येताना गोळ्या आणल्या. रोज दोन, आणि दोन वेळा दूध.

“मला काही होत नाहीये,” हे म्हणाले.

“होत नाहीये म्हणूनच. असले आजार गुपचूप येतात. तुम्हाला कळणार नाही.”

“आणि तुझं किती आहे?”

“नऊ पूर्णांक चार. माझं रोज तपासलं जातं. माझ्याइतकी तपासलेली बाई सगळ्या गावात सापडायची नाही.”

हे माझ्याकडे बघत राहिले. “तू जेवलीस कुठे आज,” एवढंच म्हणाले. मला भूकच नव्हती.

११ एप्रिल

बँकेतली माणसं झाली, बस डेपोतली झाली. सगळ्यांचं कमी. कोणाचं सात पूर्णांक नऊ, कोणाचं आठ पूर्णांक दोन. डेपोतला एक चालक, दाराएवढा माणूस, एका हाताने टायर उचलतो, त्याचं सात पूर्णांक आठ.

मला आता रस्त्याने चालताना माणसं वेगळी दिसतात. भाजीवाली, तिची मुलगी, चौकातला पोलीस. सगळी उभी आहेत, बोलताहेत, आणि आतून हाडं पोकळ होत चाललीयेत. पाण्यात काही असेल का? पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोन केला. तिथल्या माणसाने विचारलं, “बाई, तुम्ही कोण?” मी फोन ठेवून दिला. का ठेवला कळत नाही. मी कोण ते मला माहीत आहे.

१८ एप्रिल

एकशे वीस पूर्ण. टेबलावर कागद पसरून आकडे चढत्या क्रमाने लावले. खालची तीन काढली. वरची तीन काढली. वरच्या तिनात पहिली मीच होते. नऊ पूर्णांक चार, साऱ्या गावात सगळ्यात जास्त. माझ्याखालचा नऊ पूर्णांक एक. मला काढून टाकताना जरा हसू आलं. नियम तो नियम.

उरली हद्द: सात पूर्णांक सहा ते नऊ.

पुस्तक म्हणतं साडेआठ ते साडेदहा. आमचं गाव म्हणतं सात पूर्णांक सहा ते नऊ. मला यातून दोनच अर्थ दिसतात. एकतर आमची माणसं मुळातच अशी आहेत, किंवा सगळी आजारी आहेत. दोन्हींची भीती वाटते. मळमळतंय.

२० एप्रिल

आज सर आले. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“बाई, एकशे वीस माणसं एकदम आजारी पडत नसतात. मशीन तपासा.”

“रोज तपासते सर. रोज पास आहे. रजिस्टर बघा.”

त्यांनी रजिस्टर उघडलं. चाळीसेक दिवस माझ्याच अक्षरात ‘पास’, ‘पास’, ‘पास’. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. ते एखाद्या ओळीवर थांबेल आणि ते विचारतील, कुठल्या बाटलीचा? ते थांबले नाहीत.

“मग सही करू म्हणता?”

“आपल्या माणसांची हद्द हीच असेल, सर.”

“असेलही. पण नवी पेटी आल्याशिवाय मी सही करणार नाही. तोवर जुनेच आकडे छापा.”

ते गेल्यावर मी खुर्चीत बसले ती अर्धा तास उठलेच नाही. खोटं बोलले का? एक अक्षरही खोटं नव्हतं. तरी चोरी केल्यासारखं वाटतंय.

सकाळी परत चढलेलं होतं हे लिहायचं राहिलं. दहा पूर्णांक एक. ही लॉट कुठवर जाणार? रकान्यात शून्य पूर्णांक ब्याऐंशी केलं.

२ मे

घराची किल्ली फ्रिजमध्ये सापडली. हे हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, “आपण डॉक्टरांकडे जाऊ.” मी चिडले. खूप बोलले त्यांना. माझ्यामागे जूनचं संकट आहे, लॅब माझ्या एकटीच्या खांद्यावर आहे, आणि तुम्हाला किल्ल्या दिसतात! नंतर रडू आलं. कशाचं ते कळलं नाही. पोट आठ-आठ दिवस साफ होत नाही, त्याने माणूस चिडका होतोच.

हे गोळ्या घेतात पण. मुकाट्याने. मी हातावर ठेवते म्हणून.

१० मे

वर एक शिवणकाम करणारी मुलगी आहे, चोवीस वर्षांची. गळ्याची गाठ परवा काढली. थायरॉइडच्या मागे बारीक ग्रंथी असतात, ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला तर कॅल्शियम घसरतं. बोटांना मुंग्या येतात, आकडी येते. म्हणून माझा आकडा लागतो. आज सकाळी तिचा आला सात पूर्णांक तीन.

मी स्वतः वर घेऊन गेले. सर्जननी तिला विचारलं, “हाताला मुंग्या? ओठांना?” ती म्हणाली, “नाही.” कॅल्शियम घसरलं की गाल फडफडतो, म्हणून त्यांनी गालावर टिचक्या मारून पाहिल्या. काही नाही. ते जरा घुटमळले, मग कागदाकडे बघून म्हणाले, “आकडा खाली आहे. शिरेतून कॅल्शियम लावू.”

तिची आई दारात उभी होती. मला म्हणाली, “ताई, तुम्ही वेळेवर शोधलंत.”

जिना उतरताना माझे पाय थरथरत होते. आनंदाने, असं मी स्वतःला सांगितलं.

११ मे

मुलगी: सात पूर्णांक सात. म्हणजे चढतंय, पण अजून हद्दीखाली. सलाईन चालूच ठेवायला सांगितलंय.

१३ मे

मुलीला सकाळपासून मळमळ, छातीत धडधड. आकडा आठ पूर्णांक चार. सर्जन खाली लॅबमध्ये आले. ते कधीच खाली येत नाहीत.

“तुमचा आकडा म्हणतो कमी आहे, पेशंट म्हणते भरपूर झालं. कोणाचं ऐकू?”

“मशीन रोज पास आहे,” मी म्हणाले. आता हे वाक्य माझ्या तोंडून आपोआप येतं.

“बघा हं बाई. मी तुमच्या भरवशावर आहे.”

हे असं कोणी म्हणू नये. दिवसभर कानात तेच.

१४ मे

माझं दहा पूर्णांक दोन. म्हणजे परत कमी करायला हवं. रकाना उघडला, पेनाने कागदावर हिशेब मांडला आणि तो जमेना. साधा भागाकार, जो मी झोपेतही करीन. तीनदा केला, तीन उत्तरं आली.

मावशी मागे उभ्या होत्या. “हात बघ स्वतःचा,” म्हणाल्या. “कोपरापाशी चाळण झालीय. आणि चेहरा बघितलास का आरशात? मी पस्तीस वर्षं आजारी माणसं बघतेय गं.”

“मावशी, माझे सगळे आकडे बरोबर आहेत.”

“आकडे असतील.”

त्या गेल्या. मी रकाना तसाच ठेवला. उद्या डोकं जरा शांत असेल तेव्हा करीन. डोक्यात सारखं एकच, ती मुलगी.

१५ मे

जसं घडलं तसं लिहिते. लॅबच्याच टेबलावर, एका साध्या कागदावर. घरी गेल्यावर वहीत चिकटवीन.

सकाळी साडेआठला पेटी आली. दहा आठवड्यांनी. दोन बाटल्या, एक साधी, एक जास्त कॅल्शियमची. साधीचं उत्तर नऊ पूर्णांक पाच यायला हवं, दुसरीचं बारा पूर्णांक पाच. मी दोन्ही लावल्या.

सात पूर्णांक आठ. दहा पूर्णांक दोन.

पहिल्यांदा वाटलं ते खरं लिहिते: बरं वाटलं. म्हणजे मशीनच बिघडलंय, मी म्हणत होते तेच. मग लक्षात आलं, मी तर मशीन जास्त दाखवतंय म्हणत होते. हे कमी दाखवतंय. दोन्ही बाटल्यांना सारख्याच पटीने कमी. ती पट काढली. आज भागाकार जमला. शून्य पूर्णांक ब्याऐंशी.

मशीनमध्ये तो आकडा फक्त एका ठिकाणी होता. मी भरलेल्या रकान्यात.

तिथे एक केला. बाटल्या परत लावल्या. नऊ पूर्णांक पाच. बारा पूर्णांक पाच. अचूक. लॉट चांगली होती. मशीन चांगलं होतं. पाच मार्चला चांगलं होतं, तेव्हापासून रोज चांगलं होतं. दहा आठवडे मी त्याचा कान पिळून त्याला खोटं बोलायला लावत होते.

एकशे वीस माणसांना मी आजारी ठरवलं. यांच्या हातावर रोज दोन गोळ्या ठेवल्या. आणि वर ती मुलगी!

फ्रिजमध्ये आठवड्याचे नमुने ठेवलेले असतात. तिचा दहा तारखेचा काढला आणि लावला. मशीन नऊ मिनिटं घेतं. ती नऊ मिनिटं मी भिंतीला पाठ लावून उभी होते, आणि तोंडाने काय पुटपुटत होते ते मावशींनाच माहीत. आठ पूर्णांक नऊ. तिला काहीही झालेलं नव्हतं. चांगल्या मुलीच्या शिरेत मी पाच दिवस कॅल्शियम ओतवलं. आज सकाळचा नमुना लावला: अकरा पूर्णांक तीन.

जिना कसा चढले माहीत नाही. मधल्या पायरीवर बसावं लागलं. सर्जन वॉर्डातच होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “सलाईन बंद करा. माझे आकडे चुकलेत. आजचे नव्हे, दहा आठवड्यांचे.” त्यांनी लगेच नळी बंद केली. हृदयाचा आलेख काढला. तो चालत्या कागदावर उमटत होता तेव्हा मी मुलीच्या आईकडे बघू शकले नाही. सर्जन म्हणाले, “ठोके जरा गडबडलेत, पण थोडक्यात वाचलो. साधं सलाईन देऊ, उतरेल.” मग माझ्याकडे वळून, “बाकीचे किती?”

बाकीचे किती. मी खाली येऊन यादी करायला बसले. दहा आठवड्यांत तीनशे बारा कॅल्शियम. प्रत्येकाला फोन करायचा. सरांना मी फोन लावला आणि सगळं सांगितलं, कंट्रोल कोणाचा होता तेसुद्धा. ते म्हणाले, “रजिस्टरला हात लावू नका. मी येतोय.” आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं.

दुपारी मावशींनी पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. मी एका दमात संपवला, मग दुसरा, मग तिसरा. त्या बघत होत्या.

“सगळ्यांचे परत लावतेस,” म्हणाल्या, “तुझा कधी लावणार?”

“माझा कशाला?” मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता थांबले.

मशीन चांगलं होतं. पाच मार्चला चांगलं होतं. त्या दिवशी त्याने दहा पूर्णांक एक म्हटलं ते कोणाला म्हटलं?

मावशींनी माझ्या हो-नाहीची वाट न बघता दंडाला पट्टा बांधला. डाव्या हाताला शीर सापडेना, उजव्यातून घेतलं. परत नऊ मिनिटं. या वेळी मी काही पुटपुटले नाही. मला ते आधीच कळलं होतं. तहान, हाडं, पोट, किल्ली, भागाकार, सगळं एकापाठोपाठ येऊन माझ्यासमोर उभं राहिलं होतं, आणि मी प्रत्येकाला काहीतरी कारण देऊन घालवून दिलं होतं.

बारा पूर्णांक सहा.

आमच्याकडे बाराच्या वर कॅल्शियम गेलं की रिपोर्ट छापायची वाट बघत नाहीत. ज्याने आकडा काढला त्याने ताबडतोब ड्यूटीवरच्या डॉक्टरला फोन करायचा आणि तिकडून आकडा परत म्हणून घ्यायचा. मी फोन उचलला. ड्यूटीवर नवी डॉक्टर आहे, दोन महिन्यांपूर्वी आलेली.

“लॅबमधून बोलतेय. धोक्याचा आकडा आहे. बाई, वय शेहेचाळीस, कॅल्शियम बारा पूर्णांक सहा.”

“बारा पूर्णांक सहा,” तिने म्हटलं. मग जरा दबकत, “बाई, राग मानू नका, पण सकाळचा गोंधळ वर सगळ्यांना कळलाय. हा आकडा नक्की आहे ना?”

हाच प्रश्न मी दहा आठवडे मशीनला विचारत होते. आज एकदा तरी ‘नाही’ म्हणता यावं असं फार वाटलं.

“दोन्ही कंट्रोल बरोबर आलेत,” मी म्हणाले. “आकडा खरा आहे.”

“पेशंट कुठे आहे आत्ता?”

“तुमच्याशी बोलतेय.”

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग घाईने, “बसून राहा. उठू नका. मी खाली येते.”

ती येईपर्यंत हे लिहितेय. कशाने वाढलं असेल ते मला माहीत आहे, म्हणजे कशाकशाने वाढू शकतं ते पाठ आहे. त्यातलं एक कारण साध्या ऑपरेशनने बरं होण्यासारखं, आणि दुसरं मी इथे लिहिणार नाही. मला फार भीती वाटतेय. ही मार्चपासूनची भीती नव्हे. ती दुसऱ्यांसाठी होती, तिच्यात हातपाय हलवता येत होते.

यांना फोन करायला हवा. शाळा सुटली असेल. सर ‘मशीन तपासा’ म्हणाले हे मी यांना सांगितलं होतं, तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांनी दारातच विचारलंय, “मिळाली का गं मशीनची खोड?” आज सांगितलं की मशीनला काही झालेलं नाही, तर ते आधी “सुटलीस बाई एकदाची!” म्हणतील, मनापासून म्हणतील. त्याच्यापुढचं वाक्य कसं बोलायचं ते मला सुचत नाहीये.